मुदतवाढे

तुमच्या इमारतीत ते कितव्या मजल्यावर राहतात मला ठाऊक नाही, आमच्याकडे दुसऱ्या. खरं आडनाव इथं लिहिलं तर ते अंक विकत आणतील, स्वतःवरच्या ओळींखाली लाल रेघा मारतील आणि माझ्या दारात उभे राहतील. या एका कामाला त्यांना उशीर होणार नाही. तेव्हा आपण त्यांना मुदतवाढे म्हणू. राहणार डोंबिवली, वीज मंडळाच्या बिल विभागातून निवृत्त. ज्या गृहस्थानं हयातभर लोकांच्या बिलांवर ‘अंतिम दिनांक’ छापून घरोघर धाडला, त्याचा स्वतःचा अंतिम दिनांक नावाच्या गोष्टीवर काडीचा विश्वास नाही. हलवायाला मिठाईची वासना उरत नाही म्हणतात, तसं काहीतरी असावं.

जुलै उजाडला की जिन्यात गाठ पडतेच. आपण आपलं बोलायचं म्हणून विचारतो, "काय काका, रिटर्न भरला का?" काका पिशवी खाली ठेवतात, कठड्याला टेकतात आणि जरा कीव आल्यासारखं आपल्याकडे बघतात.

"अहो, मुदत वाढते!"

यात अंदाज नाही, आशा नाही, सरकारला विनंती तर नाहीच नाही. नुसती माहिती. ती देऊन झाली की पिशवी उचलून ते वर जातात, आणि फॉर्म सोळा हातात पडल्या पडल्या रिटर्न भरून मोकळे झालेले आपण जिन्यात उगाचच उतावळे ठरतो. माझी चिडचिड इथून सुरू होते.

बरं, त्यांच्याकडे पुरावा आहे, हे जास्त त्रासदायक. कुणा विमा एजंटनं दिलेल्या डायरीच्या मागच्या पानांवर सगळ्या मुदतवाढी तारीखवार उतरवलेल्या आहेत. यादी ते न बघता म्हणून दाखवतात. "२०१५. ३१ जुलैची ३१ ऑगस्ट, ३१ ऑगस्टची ७ सप्टेंबर. २०१६. ५ ऑगस्ट. २०१७. परत ५ ऑगस्ट. २०१८. ३१ ऑगस्ट. २०१९. परत ३१ ऑगस्ट." इथं ते थांबतात. पुढं २०२० येतं आणि त्यांचा आवाज बदलतो. जग त्या वर्षी करोनानं घरात कोंडलं होतं, पण मुदतवाढ्यांच्या डायरीत ते सुवर्णयुग आहे. ३१ जुलैची ३० नोव्हेंबर झाली, नोव्हेंबरची ३१ डिसेंबर झाली, आणि डिसेंबर आता संपणार इतक्यात १० जानेवारी. "एका वर्षात तीनदा!" असं म्हणून ते तीन बोटं आपल्या नाकासमोर धरतात. रिटर्न त्यांनी १० जानेवारीला भरला. दुसऱ्या दिवशी जिन्यात दिसले तेव्हा थोडे खट्टू होते. चौथ्यांदा वाढेल असं त्यांना मनापासून वाटलं होतं.

२०२१ साली ३० सप्टेंबर, आणि मग नवं पोर्टल धड चालेना म्हणून ३१ डिसेंबर. अशी सलग वर्षं ज्याच्या पदरात पडली, त्याला तुम्ही कुठल्या तोंडानं वक्तशीरपणा शिकवणार?

आता यात मी कुठं येतो ते सांगतो. मी सीए नाही. करसल्लागारही नाही. माझा दोष एवढाच की माझ्याकडे प्रिंटर आहे. ३१ जुलैच्या रात्री, किंवा त्या त्या वर्षीच्या ३१ जुलैच्या रात्री, जेवणं आटोपली की बेल वाजते. दारात मुदतवाढे. हातात साडीच्या दुकानाची पिशवी. पिशवीत मुदत ठेवींच्या पावत्या, बँकेचा फॉर्म सोळा-अ, मेडिक्लेमची पावती, कुठल्याशा जुन्या वर्षाचं मालमत्ता कराचं बिल, पेढ्याचा रिकामा खोका आणि मागच्या दसऱ्याचं सोनं, म्हणजे आपट्याचं वाळलेलं पान. ते टेबलावर सगळं ओततात आणि म्हणतात, "तशी घाई काही नाही. वाढतेच आहे. पण म्हटलं, तुम्ही जागे आहात."

पहिली अडचण पासवर्डची. वर्षभरात कुठं किती व्याज मिळालं, किती टीडीएस कापला गेला, हे सगळं दाखवणारं एआयएस नावाचं पत्रक पोर्टलवर मिळतं. ते उघडायला आपला पॅन लहान अक्षरांत आणि त्यापुढं जन्मतारीख घालावी लागते. तुम्हाआम्हाला यात काही विशेष वाटणार नाही, कारण आपण एकदाच जन्मलो. मुदतवाढ्यांना दोन जन्मतारखा आहेत. खरी भाद्रपदातली, गौरी जेवल्या त्या दिवशीची. कागदावरची १ जून. त्यांच्या पिढीत निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांना तीच तारीख सोयीची पडे. मुदतवाढ्यांच्या मास्तरांनी भाद्रपद सोडून पुढच्या वर्षीचा जून धरला, त्यामुळे ते कागदोपत्री नऊ महिने लहान झाले आणि नोकरीतून नऊ महिने उशिरा निवृत्त झाले. हे सांगताना ते माझ्याकडे जिंकल्यासारखं बघतात. "जन्मालाच वाढवून मिळालीय हो. रिटर्नचं काय घेऊन बसलात!"

पॅनवर १ जून आहे, हे आठवायला दर वर्षी तेवढाच वेळ लागतो.

दुसरी अडचण ओटीपीची. आधारला जोडलेला नंबर काकूंच्या फोनमध्ये. फोन दुसऱ्या मजल्यावर, आम्ही तळमजल्यावर. फोन खाली आणायचा, तर काकूंची मालिका त्यावर चालू. मग काका आमच्या खिडकीतून मान बाहेर काढून हाक मारत, "अगं, आला का?" आणि वरच्या गॅलरीतून काकू आकडे वाचत. खणखणीत, शाळेतल्या बाईंच्या आवाजात, कारण त्या महापालिकेच्या शाळेत बाईच होत्या. "आठ. चार. चार. शून्य..." मधेच चौथ्या मजल्यावरून कुणीतरी विचारी, "काकू, शून्य की नऊ?" हा ओटीपी कुणालाही सांगू नका, असं त्याच संदेशात लिहिलेलं असतं. काकू तेही वाचून दाखवत.

तिसरी अडचण म्हणजे हा सगळा खटाटोप मुळात ज्यासाठी, ती गोष्ट. मुदतवाढ्यांना सरकारला काही द्यायचं नसतं. घ्यायचं असतं. ठेवींवरच्या व्याजातून बँक टीडीएस कापते, तो परत मिळवायचा. आता ज्या ज्येष्ठ नागरिकाला शेवटी कर लागणारच नाही, त्यानं तसा फॉर्म भरून दिला की बँक टीडीएस कापत नाही. तो एप्रिलमध्ये, आर्थिक वर्ष सुरू होताच द्यावा. मुदतवाढे एप्रिलमध्ये बँकेत जातात, पासबुक भरून घेतात, मॅनेजरला "वाढते हो" म्हणून सांगतात आणि परत येतात. जूनच्या अखेरीला व्याज जमा होतं, टीडीएस कापला जातो. म्हणजे एक मुदत चुकवल्यामुळे दुसऱ्या मुदतीची वाट बघायचा त्यांना हक्क मिळतो. अशी व्यवस्था बसवायला डोकं लागतं.

पूर्वी याहून मजा होती, असं ते सांगतात. रिटर्न ऑनलाइन भरला तरी पोचपावतीची प्रत छापून, निळ्या शाईनं सही करून बंगळुरूला टपालानं पाठवायची. त्यासाठी १२० दिवस मिळत. एकशेवीस! मुदतवाढे ते सगळे वापरत. पाकीट देवघरात तसबिरीमागं ठेवलेलं असे, आणि दिवाळीच्या साफसफाईत ते हाती लागलं की टपाल कार्यालयात जाणं होई. १ ऑगस्ट २०२२ पासून पडताळणीसाठी १२० चे ३० दिवस केले, तेव्हा ते माझ्याकडे येऊन बराच वेळ नुसते बसले. नव्वद दिवस सरकारनं काढून घेतले होते, आणि कुणी मोर्चा काढला नव्हता.

२०२२ हे साल तसंही वाईटच गेलं. ३१ जुलै रविवारी आला होता. "रविवारी कुठं मुदत संपते का? सोमवारी बघू," असं म्हणून मुदतवाढे निर्धास्त. महसूल सचिव तरुण बजाज यांनी आधीच जाहीर सांगितलं होतं की मुदत वाढवायचा विचार नाही, आणि तारखा वाढतातच अशी लोकांना सवय लागली आहे. मी ती बातमी मुद्दाम कापून त्यांच्या हातात दिली. त्यांनी दोनदा वाचली, आणि लोकांच्या सवयीच्या वाक्यावर बोट ठेवून म्हणाले, "बघा. दिल्लीपर्यंत दखल आहे." त्या एका रविवारी देशभरातून ७२ लाख ४२ हजार रिटर्न भरले गेले. त्यात मुदतवाढे नव्हते. ते बातम्या लावून बसले होते. बारा वाजून गेले, वृत्तनिवेदक झोपायला गेला, मुदत काही वाढली नाही. कलम २३४-एफचं विलंब शुल्क पाच हजार. उत्पन्न पाच लाखांच्या आत म्हणून हजारावर सुटले. ते रिफंडातून वळते झाले. डायरीत २०२२ समोर त्यांनी काहीच लिहिलेलं नाही. कोरी जागा आहे.

कुणाला वाटेल, शहाणे झाले असतील. २०२३ च्या जुलैत मी जिन्यात विचारलं, तर त्यांनी खिशातून पंचांग काढलं. त्या वर्षी अधिक श्रावण होता, १८ जुलैपासून १६ ऑगस्टपर्यंत. "महिनाच्या महिना वाढलाय," ते म्हणाले. "ब्रह्मदेवानं वाढवला. सरकार काय ब्रह्मदेवाच्या वर आहे?" सरकार होतं. त्या वर्षीही वाढली नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मात्र हजार रुपये काय असतात ते कळल्यामुळे दोन्ही वर्षी पावणेबाराच्या सुमाराला काकूंचा आवाज गॅलरीतून खणखणत होता, आणि ३१ जुलैला रिटर्न भरणाऱ्या साठ-सत्तर लाखांत आमच्या इमारतीचाही एक होता.

दुसऱ्यांना श्रद्धेला लावणं, हा त्यांचा खरा गुन्हा. २०१९ च्या ऑगस्टअखेर समाजमाध्यमांवर एक पत्र फिरलं: मुदत ३० सप्टेंबरपर्यंत वाढली. शिक्का, क्रमांक, सगळं चोख. ते खोटं होतं. प्रत्यक्ष कर मंडळाला तसा खुलासा करावा लागला. आमच्या सोसायटीच्या गटावर ते पत्र आलं, हे सांगायला नको. कुणाकडून आलं, हेही सांगायला नको. वर गणपतीच्या चित्रासह. तळमजल्याच्या दुसऱ्या बाजूला राहणारा एक नवा नोकरदार मुलगा ते वाचून गावी निघून गेला आणि पुढं पाच हजार भरून बसला. मुदतवाढ्यांनी त्याची माफी मागितली. आणि मग म्हणाले, "पण पत्र किती छान होतं, नाही?"

काकू याच्या बरोब्बर उलट. काकूंचा रिटर्न आषाढीच्या आत. पंचांगात आषाढी जिथं असेल तिथं, पण त्याच्या आत. फाईल वेगळी, निळ्या कापडी पाठीची. पेन्शनचे कागद एका कप्प्यात, व्याजाचे दुसऱ्या, प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी. स्वतः बसून, चष्मा कपाळावर चढवून भरायच्या. माझ्याकडे फक्त छापील प्रत घ्यायला येत आणि कागदाचे पैसे टेबलावर ठेवून जात. मी नको म्हटलं तरी. नवऱ्याचा रिटर्न आपणच भरून का टाकत नाही, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाल्या, "मग ३१ जुलैला ते काय करतील?"

त्यांच्या लग्नाची गोष्ट त्यांनीच सांगितलेली. मुहूर्त अकरा बाराचा. नवरदेव ज्या गाडीनं यायचे ती चुकली, पुढची घेतली. मांडवात भटजींनी घड्याळाकडे बघत बघत मंगलाष्टकं लांबवली, स्वतःची लांबवून झाल्यावर आत्याबाईंना म्हणायला लावली, मग एका मावशींना. मुदतवाढे बोहल्यावर चढले तेव्हा बारा वाजायला आले होते. "तेव्हापासून यांना वाटतं," काकू म्हणाल्या, "की थांबवलं की सगळं थांबतं."

नुसत्या मुदतवाढ्यांना हसणं सोपं आहे, म्हणून जरा त्यांच्या बाजूनंही बोलतो. ही सवय त्यांना लावली कुणी? पॅनला आधार जोडा म्हणून किती तारखा दिल्या आणि किती पुढं ढकलल्या, आठवून बघा. शेवटची ३० जून २०२३, तीही हजार रुपये भरून. दोन हजारांच्या नोटा बँकेत द्यायची मुदत ३० सप्टेंबरला संपायची होती, ती ७ ऑक्टोबर झाली. मुदतवाढ्यांकडे एकच नोट होती. ते ७ ऑक्टोबरला गेले. आमच्या कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. तेव्हापासून प्रशासक. निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. मधली पाच वर्षं एवढं थोरलं शहर नगरसेवकांशिवाय चाललं, खड्डे नगरसेवक असतानाचेच राहिले, आणि याबद्दल कुणी कुणाला विलंब शुल्क लावलं नाही. अशा गावात राहून एखादा पेन्शनर ३१ जुलै ही तारीख काळ्या दगडावरची रेघ मानत असेल, तर त्याची मानसिक तपासणी करायला हवी. मुदतवाढे आमच्यातले सर्वांत चांगले विद्यार्थी आहेत. बाईंचा नवरा ना शेवटी.

आणि खरं सांगायचं तर, ती रात्र मलाही लागायला लागली होती. बरोबर साडेदहाला काकू वरून बशी पाठवायच्या. साबुदाण्याचे वडे, नाहीतर पावसाळ्याचे म्हणून अळूवडीचे काप. समोरचे एक-दोघं "झालं का काकांचं?" करत डोकावायचे आणि बशी संपेपर्यंत थांबायचे. पोर्टल गोल गोल फिरत असायचं, बाहेर पाऊस, काका इतिहासातल्या कुठल्याशा साहेबापासून वीज मंडळातल्या कुठल्याशा साहेबापर्यंत कुणाच्याही गोष्टी सांगत. रिटर्न ‘यशस्वीरीत्या सादर झाला’ असं पडद्यावर आलं की ते खिडकीतून ओरडत, "झाला गं!" आणि वरून उत्तर येई, "मग खाली काय करताय? वर या."

काकू २०२५ च्या जानेवारीत गेल्या. आठवड्याचं आजारपण.

त्या वर्षी मे महिन्यातच सरकारनं जाहीर केलं की फॉर्ममध्ये बरेच बदल आहेत, यंदा ३१ जुलैऐवजी १५ सप्टेंबर. तीन कोरडी वर्षं गेल्यावर ही मुदतवाढ, तीही न मागता, दोन महिने आधी. मी जिन्यात वाट बघत होतो. ते भेटले, पण त्याविषयी काही बोलले नाहीत.

मग जूनच्या मध्यावर एका सकाळी, दूधवाला येऊन गेला असेल-नसेल, बेल वाजली. मुदतवाढे. हातात साडीच्या दुकानाची पिशवी नव्हती. निळ्या कापडी पाठीची फाईल होती.

माणूस गेला तरी त्या वर्षी गेल्या दिवसापर्यंतचं त्याचं उत्पन्न उरतंच, आणि त्याचा रिटर्न वारसानं भरायचा असतो. त्याआधी पोर्टलवर प्रतिनिधी म्हणून नोंदणी करावी लागते. दोघांचे पॅन, मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा. कुटुंब निवृत्तिवेतनाचं पत्रही चालतं. नोंदणी मंजूर व्हायला काही दिवस जातात, मग रिटर्न भरता येतो. मला यातलं काही माहीत नव्हतं. मुदतवाढ्यांना सगळं माहीत होतं. बँकेत, पेन्शनच्या कचेरीत, सगळीकडे जाऊन आले होते. प्रत्येक कागदाच्या दोन प्रती, सही करून, तारीख घालून. फाईलमध्ये एक नवा कप्पा केला होता आणि त्यावर चिठ्ठी लावली होती. अक्षर तेवढं वेगळं होतं.

"आषाढी कधी आहे यंदा?" त्यांनी विचारलं.

"सहा जुलै."

"मग त्याच्या आत व्हायला पाहिजे."

मी न राहवून म्हणालो, "काका, मुदत वाढलीय. पंधरा सप्टेंबर."

"ती माझी हो," ते म्हणाले. "हिचा आषाढीच्या आत जातो."

गेला. ओटीपी आला तेव्हा फोन त्यांच्याच सदऱ्याच्या खिशात होता. आधारचा नंबर त्यांनी बदलला नाही, फोनच बरोबर ठेवतात. आकडे वाचून दाखवायला पाच-सहा सेकंद लागले. "एवढंच असतं का हे?" असं ते म्हणाले, आणि छापील प्रत घेऊन कागदाचे पैसे टेबलावर ठेवून गेले. मी नको म्हटलं नाही.

त्यानंतर दोन महिने त्यांच्या स्वतःच्या रिटर्नचं नाव नाही. गणपती आले, गेले. मी विचारलं तर म्हणाले, आता पितृपक्ष, या दिवसांत नवं काही सुरू करू नये. १५ सप्टेंबरला पितृपक्षच चालू होता, पण जेवणं झाल्यावर बेल वाजली. साडीच्या दुकानाची पिशवी. आपट्याचं पान. १ जून आठवायला तेवढाच वेळ. पोर्टल देशभरातल्या शेवटच्या दिवसवाल्यांनी जाम झालेलं. बाराला काही मिनिटं उरली असताना फोनवर बातमी आली: मुदत वाढली. एक दिवस. १६ सप्टेंबर.

मला वाटलं, आता इमारत दणाणेल. मुदतवाढ्यांनी बातमी पुन्हा वाचली, मला वाचायला लावली, डायरीत तारीख उतरवून घेतली. आणि पिशवी भरून वर जायच्या ऐवजी खुर्चीत नीट मागं टेकून बसले. मी चहा टाकला. चहाबरोबर त्यांनी जेम्स विल्सन काढला.

हिंदुस्थानात प्राप्तिकर आणला तो या विल्सननं, १८६० साली. विलायतेत ‘द इकॉनॉमिस्ट’ हे पत्र ज्यानं काढलं, तोच. सत्तावनच्या बंडानं तिजोरी रिकामी झालेली, ती भरायला याला कलकत्त्याला धाडलं. २४ जुलै हा आपण आता आयकर दिन म्हणून साजरा करतो, तो त्याचाच. वर्षाला दोनशे रुपयांवर कमाई असेल त्यानं भरायचा. "आणि हा मनुष्य," मुदतवाढे म्हणाले, "त्याच वर्षी ११ ऑगस्टला कलकत्त्यात गेला. हगवणीनं. महिनासुद्धा नाही हो झाला. त्याला नाही वाढवून मिळाली."

थोडा वेळ आम्ही चहा प्यायलो.

"पण गंमत ऐका," ते पुन्हा सरसावले. "कर आणला होता पाच वर्षांसाठी. फक्त पाच! १८६५ ला संपलासुद्धा. मग परत आणला, परत काढला, परत आणला, आणि १८८६ ला जो ठाण मांडून बसला तो बसलाच. म्हणजे बघा, या देशात सगळ्यांत मोठी मुदतवाढ कुणाला मिळाली? कराला! आणि मी चार दिवस मागितले तर तुम्ही मला हसता."

मी हसलो नव्हतो. पण त्यांना ते हवं होतं, म्हणून हसलो.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे १६ सप्टेंबरला, मी संध्याकाळपासूनच संगणक लावून ठेवला. साडेनऊला बेल. मुदतवाढे दारात, चष्मा पुसलेला, हातात एकच कागद. पासवर्ड म्हणालो, पॅन म्हणालो, तर ते म्हणाले, आधी हे वाचा. वीज मंडळातल्या सुवाच्य अक्षरात अर्ज होता. प्रति, मा. अध्यक्ष, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ. विषय: मुदतीबाबत. आपल्या विभागानं कृपावंत होऊन एक दिवस वाढवून दिला याबद्दल आभार. तथापि त्या दिवशी रात्री बारा ते अडीच आपलं पोर्टल देखभालीसाठी बंद ठेवण्यात आलं होतं. सबब सदर दिवस चोवीस तासांचा नसून साडेएकवीस तासांचाच भरतो. तरी उरलेले अडीच तास करदात्यांना १७ सप्टेंबरच्या पहाटे अडीच वाजेपर्यंत देण्यात यावेत.

"भाषा जरा कडक झालीय का?" त्यांनी विचारलं. "तुमच्याकडे प्रिंटर आहे म्हणून आलो. तीन प्रती काढा."

"काढतो. पण काका, रिटर्नचे कागद?"

त्यांनी दोन्ही हात बघितले. पिशवी वरच राहिली होती.